विरी गेलेलं पीठ

मी ज्वारीच्या सरकारी संशोधन केंद्रात एकवीस वर्षं कामाला होते, असं सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, “झाडलोटीला का?” झाडलोट मी घरी केली. केंद्रात मी भाकरी करत होते. कँटीनमध्ये नव्हे, प्रयोगशाळेत. तो प्रयोगच होता आणि त्याचाच मला पगार होता.

माझं शिक्षण चौथी. त्यामुळे मी शास्त्राचं काही सांगेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पण सरकार आणि खाजगी कंपनी मिळून संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मी शेगडीच्या बाजूने पाहिलं आहे. त्यात एकदा सगळं मोडायच्या बेताला आलं होतं, आणि ते माझ्या हातून. तेवढंच लिहिते. एकवीस वर्षांचं सगळं सांगत बसले तर दिवाळी संपेल आणि तुमचा फराळही.

आधी काम समजावून सांगते. ज्वारीचा नवीन वाण तयार करायला दहा-बारा वर्षं लागतात. ताट किती उंच वाढलं, कणीस किती भरलं, खोडमाशी लागली का, पाऊस कमी पडला तर तग धरला का, हे सगळं शेतात मोजता येतं. भाकरी कशी होते ते शेतात मोजता येत नाही. आणि आमच्या सोलापुरात ज्या ज्वारीची भाकरी चांगली होत नाही ती ज्वारी गुरांनाही लोक नाराजीनेच घालतात. म्हणून केंद्रात भाकरीची वेगळी खोली होती.

मी आधी केंद्राच्या शेतात रोजंदारीवर खुरपायला होते. एक दिवस वैद्य मॅडम बांधावर आल्या. नव्या वाणांच्या कामाच्या त्या प्रमुख. त्यांनी विचारलं, “तुमच्यात चांगली भाकरी कोण करतं?” सगळ्या बायांनी हात वर केले. मी केला नाही.

“तुम्हाला येत नाही?” मॅडमनी मला विचारलं.

“येती की. पण चांगली हाय का न्हाय ते खाणाऱ्यानं सांगायचं, करणारीनं न्हाय.”

त्या मला घेऊन गेल्या. बाकीच्या बाया चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पद्धत अशी होती. पीठ पुड्यांतून यायचं. पुड्यावर वाणाचं नाव नसे, नुसता नंबर असे, म्हणजे कुणाच्या मनात आवडनिवड नको. पीठ काट्यावर तोलून घ्यायचं. मापाच्या काचेच्या नळीतून पाणी घालायचं आणि किती लागलं ते वहीत लिहायचं. मग मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं, वरून पाणी फिरवायचं, उलटायचं, आचेवर फुगवायचं. गोळा कसा झाला, थापताना कड फुटली का, पापुद्रा सुटला का, याचे गुण मी द्यायची. मग भाकरी भिंतीतल्या छोट्या खिडकीतून पलीकडच्या खोलीत जायची. तिथे पाच जण बसत. ते रंगाचे, वासाचे आणि चवीचे गुण देत. मी त्यांना दिसत नसे, ते मला दिसत नसत. एक भाकरी कापडात गुंडाळून ठेवायची आणि ऑफिस सुटायच्या आधी पुन्हा मोडून बघायची, कारण शेतात जाणारा माणूस सकाळची भाकरी दुपारीच खातो.

त्या पाचांत पाठक नावाचे लेखनिक होते. जीभ फार चोख, पण उपासाचेही पक्के. म्हणून एकादशीला प्रयोग ठेवत नसत. एकदा वरून तपासणीला साहेब आले आणि नेमकी एकादशी होती. प्रयोग ठेवावा लागला. पलीकडे काय झालं ते मला मागाहून कळलं. पाठकांनी भाकरी मोडली, वास घेतला, परत ठेवली आणि चवीचे गुण भरले.

“न खाता?” मॅडमनी विचारलं.

“वासात चव कळते,” पाठक म्हणाले. “आणि वासाने उपास मोडत नाही.”

मॅडमनी त्यांच्यासमोर ते गुण खोडले. साहेब हसले, मॅडम हसल्या नाहीत. त्या तशाच होत्या.

मध्ये एकदा एक मशीन आलं. पिठाचा गोळा त्याच्या दोन चकत्यांमध्ये ठेवायचा, ते दाबायचं आणि आकडा दाखवायचं. बसवायला आलेला माणूस मला म्हणाला, “मावशी, आता तुमाला आराम.” मशीनचे आणि माझे गुण बहुतेक वेळा जुळत. जुळले नाहीत की पलीकडचे पाच जण भाकरी खाऊन ठरवत, आणि ते माझ्या बाजूने असत. पुढे मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आलं. मला याचा अभिमान होता. अभिमानानेच पुढचं घडलं, म्हणून हे सांगितलं.

आता कंपनीचं. मॅडमनी आधीही एक वाण केला होता. भाकरी उत्तम, उत्पन्न बरं. मंजूर झाला, पुस्तिकेत छापला गेला आणि तिथेच राहिला. शेतकरी म्हणत, पेरू, पण घेणार कोण? व्यापारी म्हणत, हे नाव गिऱ्हाइकाला माहीत नाही. “वाण शेतात मरत नाही, कपाटात मरतो,” असं मॅडम म्हणायच्या. त्यामुळे दुसरा वाण तयार होत आला तेव्हा सरकारने एका खाजगी कंपनीबरोबर भागीदारी करायची ठरवली. कंपनी पिठाची, चिंचोळी एमआयडीसीतली. सरकारकडे जमीन, बियाणं आणि शिकलेली माणसं. कंपनीकडे गिरणी, पाकिटं, गाड्या आणि दुकानं. शेतकऱ्यांनी हा वाण पेरायचा, कंपनीने तो विकत घ्यायचा, दळून पाकिटातून विकायचा आणि पाकिटावर केंद्राचं नाव द्यायचं. चांगली कल्पना होती. अजूनही मला ती चांगलीच वाटते.

कंपनीची एक अट होती. पाकीट तीन महिने टिकलं पाहिजे. नाहीतर लांबच्या दुकानात पोचेपर्यंतच त्याचे दिवस संपतील.

इथे एक शब्द सांगायला हवा. ज्वारीच्या पिठात गव्हाचा चिवटपणा नसतो. ते एकमेकाला धरून राहतं ते ताजेपणाच्या जोरावर. त्याला आम्ही विरी म्हणतो. दळून बरेच दिवस झाले की विरी जाते. पीठ दिसायला तेच, वासालाही बरंच, पण गोळा मोकळा होतो, थापताना कड फुटते आणि उचलताना भाकरी हातात तुटते.

कंपनीचे मॅनेजर बिराजदार. अक्कलकोटकडचे, गोड बोलणारे. पीठ घेऊन स्वतः यायचे आणि खिडकीत डोकं घालून म्हणायचे, “काय मावशी, आमचं पीठ पास करा की.”

“पीठ पास हुईल तर हुईल. मी कोण पास करणार?”

“तुमचा हात म्हंजे आमची लॅबच की.”

पाकिटं कपाटात ठेवली होती आणि दर पंधरा दिवसांनी त्यातलं एक फोडायचं होतं. महिना झाला, पास. दोन महिने झाले, पास. तीन महिन्यांचं पाकीट फोडलं. माझी भाकरी गोल, कड शाबूत, टम्म फुगलेली खिडकीतून गेली आणि पलीकडून पाठकांचा आवाज आला, “वा.” पाठक कधी वा म्हणत नसत. मॅडमनी अहवाल वर पाठवला. कराराच्या सह्यांचा दिवस ठरला, पुढचा गुरुवार. बिराजदारांनी आनंदाने राहिलेल्यांतली बरीच पाकिटं आम्हा सगळ्यांना घरी न्यायला दिली.

सह्यांच्या त्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मी डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. शुक्रवार पेठेत आमच्या घरी परत आले तर माझी सून सुवर्णा स्वयंपाकघरात परातीशी भांडत होती. ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते, त्या दिवशी तिला सुट्टी होती. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.

“आत्या, तुमच्या सरकारानं पाकिटात भुसा भरलाय का?”

“काय झालं?”

“थापाय गेलं की फुटतंय. उचलाय गेलं की तुटतंय. तीन गोळे मोडले.”

“तुला जमत न्हाय.”

“रोजचं गिरणीतलं मला जमतंय की. ते कसं जमतंय मग?”

मी हात धुतले आणि पिठात बोटं घातली. विरी पार गेलेली. मी शेगडीवर पाणी ठेवलं, उकळायला लागल्यावर पिठात ओतलं, चमच्याने कालवलं, निवल्यावर मळलं आणि भाकरी थापली. गोल, कड शाबूत.

सुवर्णा बघत होती. “उकळतं पाणी?”

“जुन्या पिठाला लागतंय. तुझ्या आईनं शिकवलं न्हाय?”

“आमच्या गल्लीत गिरणी हाय, आमच्यात पीठ जुनं हुतंच न्हाय.” मग तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि सहज विचारलं, “मग तितं ऑफिसात बी गरम पाणी घालता व्हय?”

मी व्हय म्हणाले आणि मग माझ्या लक्षात आलं मी काय म्हणाले ते.

मला माहीत नव्हतं असं मी लिहिणार नाही. चहाचं पाणी खोलीत शेगडीच्या मागच्या तोंडावर कायम उकळत असे. पीठ हाताला मोकळं लागलं की माझा हात तिकडे जाई. मी ते पाणी मापाच्या नळीत घेत होते, वहीत लिहीत होते, सगळं करत होते. फक्त कागदावर ‘साधे पाणी’ असं छापलं होतं तिकडे मी बघत नव्हते. पाकिटातलं पीठही नंबराच्या पुड्यातूनच माझ्याकडे येई, त्यामुळे पीठ कुठलं ते मला माहीत नसे, पण जुनं आहे हे बोटांना कळत असे. आणि माझ्या सासरी तुटलेली भाकरी जिने केली तिच्याच ताटात पडायची. दुसऱ्याला वाढायची नाही, अशी रीत होती. मी तीस वर्षं तुटलेली भाकरी कुणाला वाढली नव्हती. खिडकीतून पाच शिकलेल्या माणसांना कशी वाढणार?

गप्प राहायचा विचार मी केला. खोटं कशाला बोलू. गुरुवारी सह्या झाल्या असत्या, मॅडमचं अकरा वर्षांचं काम दुकानात पोचलं असतं, आणि त्यांना निवृत्त व्हायला एकच वर्ष राहिलं होतं. पण पाकीट विकत घेणारी बाई म्हणजे सुवर्णाच. ती पीठ मळणार, भाकरी मोडणार आणि म्हणणार, ही नवी ज्वारी भाकरीला चांगली न्हाय. पिठाला कुणी नावं ठेवत नाही, लोक ज्वारीला नावं ठेवतात. बायांनी एकदा असं म्हटलं की ते कुठल्याही साहेबाला पुसता येत नाही. मग वाण कपाटात नव्हे, थेट मातीतच गेला असता, आणि तोही त्याची काही चूक नसताना.

बुधवारी सकाळी मी मॅडमच्या टेबलापुढे उभी राहिले.

“मॅडम, पाकिटाच्या पिठाला मी गरम पाणी घालत हुते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “कधी?”

“पीठ जुनं लागलं की.”

“कागदावर साधं पाणी लिहिलंय, कलावतीबाई.”

“व्हय.”

“मग?”

“तुटलेली भाकरी खिडकीतनं द्यायची लाज वाटली.”

“परीक्षा पिठाची होती. तुमची नव्हती.”

“आता कळतंय.”

मला वाटलं त्यांना कराराची काळजी पडली. पण त्यांच्या डोक्यात त्याहून वाईट गोष्ट आली होती.

“या वाणाच्या अकरा वर्षांच्या सगळ्या भाकऱ्या तुमच्याच हातच्या आहेत,” त्या म्हणाल्या. “तिथे किती वेळा गरम पाणी घातलंत?”

“कवाच न्हाय. ते पीठ त्याच दिवशी दळलेलं असायचं. ताज्या पिठाला गरम पाणी कशाला लागतंय?”

“तुम्ही म्हणता म्हणून मला ते मानता येणार नाही.”

हे वाक्य त्यांनी रागाने म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. त्यांचं बरोबर होतं. जी बाई महिना-दीड महिना कागद न बघता काम करते, तिच्या अकरा वर्षांवर विश्वास कशावर ठेवायचा? वाणच रद्द करायची वेळ आली असती. मी चूक दुरुस्त करायला गेले होते आणि सगळंच मुळापासून हलवलं होतं.

मॅडमनी फोन करून गुरुवारच्या सह्या पुढे ढकलल्या. मग त्यांनी कोठीतून भाकरीच्या सगळ्या वह्या काढायला लावल्या. अकरा वर्षांच्या वह्या, माझ्या वाकड्या अक्षरात. आम्ही त्या टेबलावर रचल्या. मॅडम एकेक पान उलटत होत्या आणि बोट एकाच रकान्यावरून फिरवत होत्या. पाण्याच्या.

“हे पाणी तुम्ही खरंच मोजून लिहिलंय? का अंदाजाने?”

“मोजून. गरम बी मोजूनच.”

“चोरी केलीत आणि वहीत लिहूनही ठेवलीत,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी काटा काढला आणि स्वतः उभं राहून माझ्याकडून पीठ मळून घेतलं. ताजं पीठ साध्या पाण्यात, ताजं गरम पाण्यात, जुनं साध्या पाण्यात, जुनं गरम पाण्यात. पुन्हा पुन्हा. नळी त्यांनी स्वतःच्या हातात धरली होती. उकळतं पाणी घातलं की पीठ जास्त पाणी पितं, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण त्याचा असा उपयोग होईल हे ठाऊक नव्हतं. मॅडमनी तो फरक कागदावर मांडला आणि वह्यांत शोधायला लागल्या. पाकिटांच्या चाचणीत दीड महिन्यापर्यंत पाण्याचा आकडा सरळ होता आणि पुढे एकदम वर उडी मारत होता. तिथून माझा हात चहाच्या भांड्याकडे जायला लागला होता. अकरा वर्षांच्या बाकी वह्यांत ती उडी एकाही पानावर नव्हती. दोन दिवस लागले शेवटच्या पानापर्यंत पोचायला.

मॅडमनी शेवटची वही मिटली. “वाण शाबूत आहे,” त्या म्हणाल्या. “चहा ठेवा.”

मी चहा ठेवायला वळले आणि साखर दोनदा घातली. मी रडणारी बाई नाही, रडलेही नाही. पण त्या दिवशी घरी चालत जाताना मला जे हायसं वाटत होतं, तसं आयुष्यात दोन-तीनदाच वाटलं असेल. पोरगा तापातून उठला तेव्हा एकदा. चूक माझीच राहिली होती, ती काही कमी झाली नव्हती. पण ती जिथे केली तेवढ्याच जागेत राहिली होती.

बिराजदार शनिवारी आले. ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि लगेच उपाय काढला.

“सोपं हाय की मॅडम. पाकिटावर छापू. पीठ गरम पाण्यात मळा. तीन महिने चालतंय.”

मॅडम विचारात पडल्या. खरं तर त्यात खोटं काही नव्हतं. मला बोलायचा अधिकार नव्हता, पण मी बोलले.

“साहेब, जिला गरम पाणी म्हाईत हाय ती गिरणीत दळून आणती. जी पाकीट घेती तिला म्हाईत न्हाय, आणि ती पाकिटावरचं वाचत बी न्हाय. भाकरी मोडली की ती वाचत बसत न्हाय, पाकीट फेकून देती.”

“तुमी आता गप बसा मावशी,” बिराजदार म्हणाले. “तुमच्या हातावर माझा भरवसाच न्हाय राहिला. मी आमच्या प्याकिंगच्या बाया आणतो. त्या करू देत साध्या पाण्यानं. बघू तुटतंय का.”

सोमवारी कंपनीच्या गाडीतून तीन बाया आल्या. मॅडमनी त्यांना तीन महिन्यांचं पीठ दिलं, साधं पाणी दिलं आणि सांगितलं, दुसरं काही वापरायचं नाही. मला भिंतीला टेकून उभं राहायला सांगितलं. हात मागे. ते मला सगळ्यात अवघड गेलं.

पहिल्या बाईची भाकरी लाकडी काठवटीतच फुटली. तिने वर बघितलं आणि मॅडमना विचारलं, “ताई, गरम पाणी हाय का वाईच?”

बिराजदारांनी खुर्ची पुढे ओढली.

दुसरीने विचारलंही नाही. गोळा मोकळा लागला तशी ती उठली, मागच्या तोंडावरचं चहाचं भांडं पदराने धरलं आणि पिठात ओतायला निघाली. मॅडमनी तिचा हात धरला. ती घाबरून म्हणाली, “अहो तुटंल की.”

तिसरी शहाणी होती. तिने पहिल्या दोघींचं बघितलं होतं. तिने भाकरी तशीच थापली, दोन ठिकाणी तुटली, तिने तुकडे तव्यावर जुळवले, भेगांना ओल्या बोटाने पीठ लिंपलं आणि अशी सफाईदार भाकरी उतरवली की मला तिचं कौतुक वाटलं.

बिराजदार खुर्चीत मागे टेकले. “तुमी सगळ्या बाया एकाच शाळेत शिकला काय?”

“ती शाळा सासरी असती साहेब,” तिसरी म्हणाली. त्यावर मॅडम हसल्या. मी त्यांना खोलीत हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

एवढ्यावर सगळं गोड झालं असं नाही. चाचणी पुन्हा सुरुवातीपासून करावी लागली, साध्या पाण्याने, तुटलेली भाकरी तुटलेली म्हणून लिहून. पीठ महिनाभर चांगलं आणि पुढे थोडे दिवस बरं, एवढंच निघालं. वर पाठवलेला अहवाल मॅडमना मागे घ्यावा लागला आणि त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं. स्पष्टीकरणात त्यांनी ‘चाचणी करताना झालेली मानवी चूक’ असं लिहिलं. मी म्हटलं, माझं नाव लिहा. त्या म्हणाल्या, तशी पद्धत नसते. तोपर्यंत मला त्यांच्या पद्धतींचा नेहमी राग यायचा. त्या दिवशी आला नाही.

कंपनी तीन आठवडे गप्प होती. त्या तीन आठवड्यांत मॅडम माझ्याशी कामापुरतंच बोलत. त्यांना राग होता असं नाही, त्या वाट बघत होत्या, आणि वाट बघणाऱ्या माणसाला बोलायला नको वाटतं. मग एक दिवस बिराजदारांचा फोन आला. तीन महिन्यांची पाकिटं बाजारात नेऊन परत घ्यायला लागली असती तर कंपनीचं नाव गेलं असतं, हे त्यांच्या मालकांना पटलं होतं. ठरलं ते असं. लांब पाठवायचं नाही. सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांपुरतं. लहान पाकीट, मागणीप्रमाणे दळायचं, पीठ तापणार नाही अशा सावकाश फिरणाऱ्या दगडी जात्यावर, आणि पाकिटावर महिन्याचीच मुदत. स्वप्न मोठं होतं त्यामानाने हे लहान निघालं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत मॅडमचा वाण गेला नाही. त्याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं माझ्या वाटणीचं आहे. गरम पाणी घातलं नसतं तर दीड महिन्यालाच कळलं असतं आणि तेव्हापासूनच दुसरा मार्ग शोधता आला असता.

पण वाण पेरला गेला. माढ्याकडे माझ्या भावाने पेरला, त्याच्या शेजाऱ्याने पेरला. मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा तो कपाटात नव्हता. गेल्या हिवाळ्यात आमच्या पेठेतल्या दुकानात सुवर्णाने ते पाकीट घेतलं, साध्या पाण्यात मळलं आणि भाकरी केली. मी बाजूला बसले होते. ती काही बोलली नाही. भाकरीबद्दल सुनेने काही न बोलणं म्हणजे पास.

गेल्या वर्षी मी काम सोडलं. माझ्या जागेवर रेखा नावाची बाई आली, बार्शीकडची, हात फार चांगला. मला आठ दिवस तिला शिकवायला ठेवलं होतं. शिकवायला काही नव्हतं, भाकरी तिला माझ्याहून बरी येत होती. मी तिला एकच गोष्ट सांगत होते.

“साधं पाणी घ्यायचं. तुटली तर तुटू द्यायची.”

“तुटू कशी देऊ मावशी? हात ऐकत न्हाय.”

“ऐकाय लाव. त्याचाच पगार हाय.”

आता कागदावर पाण्याच्या रकान्याशेजारी पाणी किती गरम त्याचा रकाना आहे आणि चहाचं भांडं दुसऱ्या खोलीत गेलं आहे. तरी शेवटच्या दिवशी तिला जुन्या पिठाचा पुडा मिळाला आणि भाकरी काठवटीतून उचलतानाच दुभंगली. तिचा हात ओट्याकडे गेला, शेगडीची मागची बाजू चाचपून आला. तिथे काही नव्हतं. मग तिने ओली बोटं भेगेकडे नेली आणि तिथेच थांबवली. मी भिंतीपाशी उभी होते, हात मागे. तिने दोन तुकडे तसेच भाजले, ताटलीत ठेवले आणि तोंड दुसरीकडे फिरवून खिडकीतून सरकवले.

पलीकडून पाठकांचा आवाज आला. “ही तुटलीय की.”

“तुटलीय,” मी म्हणाले. “लिहा.”